अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली खरंच काय दडलंय

मागच्या रविवारी सकाळी आमच्याकडे, म्हणजे इंदूरला लोकमान्य नगरात, पोह्यांची प्लेट घेऊन भाचा शेजारी येऊन बसला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला, "मामा, हे बघ." व्हिडिओत बर्फातून वर आलेला एक पिरॅमिड, मागे घुमणारं म्युझिक, आणि एक जाड आवाज हिंदीत सांगतोय की अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली १० हजार वर्षांपूर्वीचं शहर गाडलेलं आहे आणि सगळ्या देशांची सरकारं मिळून ते लपवतायत. भाचा दहावीत आहे, चौकस आहे. म्हणाला, तू जमिनीखालचं बघतोस ना, मग सांग हे खरं की खोटं.

जमिनीखालचं बघतो म्हणजे मी भूजल सर्वेचं काम करतो. कुणाला बोअर मारायचा असला की मशीन घेऊन जातो, जमिनीत चार सळया ठोकतो, करंट सोडतो आणि खाली कुठे कोरडा काळा दगड आहे, कुठे ओला थर आहे ते आकड्यांवरून काढतो. २२ वर्षं झाली या कामाला. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल ठामपणे कधी बोलायचं आणि कधी नाही, हा माझा रोजचाच प्रश्न आहे, त्यामुळे भाच्याचा प्रश्न मला मनापासून आवडला. उत्तर दोन तास चाललं. पोहे गार झाले, आईने दोनदा हाक मारली. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हे असे व्हिडिओ सगळ्यांच्याच घरी येतात आणि त्याच बर्फाखाली जे खरंच सापडलंय ते मात्र फार कमी लोकांपर्यंत पोचतं.

आधी अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीपेक्षा मोठा. त्यातली उघडी जमीन १ टक्काही नाही, बाकी सगळा बर्फ. आणि हा बर्फ काश्मीरला पडतो तसा वीत-दोन वीत नाही, सरासरी जाडी जवळपास २ किलोमीटर, आणि सगळ्यात जाड जिथे आहे तिथे ४,७५७ मीटर. इंदूरमधल्या राजवाड्यापासून पलासियापर्यंत जेवढं अंतर आहे ना, त्याहूनही जास्त उभं करा, जमिनीपासून आकाशाकडे, आणि तो सगळा बर्फ समजा. जगातल्या एकूण बर्फाचा ९० टक्के भाग तिथे आहे. हे पांघरूण आजचं नाही, साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी ते जमायला लागलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एवढ्या जाड बर्फाखालचं कळतं कसं? खणून बघणं तर शक्य नाही, म्हणजे भोकं पाडली आहेत पण ती मोजकीच. मुख्य काम चालतं प्रतिध्वनीवर. भिंतीवर बोटाने टकटक केलं की आत पोकळ आहे की भरीव ते ऐकू येतं, तसंच. पूर्वी बर्फात छोटे स्फोट करून त्याचा हादरा खालच्या दगडावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अजूनही मोजतात. पण खरा फरक पडला तो रडारने, आणि ते लक्षात आलं एका चुकीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फावरून उडणाऱ्या विमानांमधलं रेडिओवर चालणारं उंची मोजायचं यंत्र चुकीची उंची दाखवायचं, विमान बर्फाच्या अगदी जवळ असलं तरी आकडा मोठा यायचा, कारण रेडिओ लहर बर्फावर न थांबता आत घुसून खालच्या दगडावरून परत येत होती. वैमानिकासाठी जीवघेणी गोष्ट. पण ज्यांना खालचा दगड बघायचा होता त्यांना यात वाटच सापडली. १९६० नंतर मुद्दाम असं रडार विमानाला लावून उडवायला लागले. ३ किलोमीटर जाड बर्फात लहर जाऊन परत यायला किती वेळ लागतो माहितीये? सेकंदाचे १० लाख भाग केले तर त्यातले साधारण ३६. एवढ्याशा वेळावरून खाली डोंगर आहे की दरी ते कळतं.

माझ्या कामातल्या माणसाला यात एक गोष्ट फार भारी वाटते. अशाच जातीचं जमिनीत बघायचं रडार आपल्याकडेही मिळतं, पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत ते दोन-चार हातांच्या पुढे आंधळं होतं, ओली चिकण माती ती लहर पिऊन टाकते. म्हणून तर आम्ही सळया ठोकतो. आणि तिकडे तेच तत्त्व ४ किलोमीटर आरपार चालतं कारण थंड, स्वच्छ बर्फ रेडिओ लहरीला जवळजवळ काचेसारखा असतो. म्हणजे पृथ्वीवरची सगळ्यात झाकलेली जमीन एका अर्थाने आपल्या घराच्या अंगणापेक्षा बघायला सोपी आहे. गेल्या ६० वर्षांत जे जे मोजलं गेलं ते एकत्र करून बेडमॅप नावाचे नकाशे बनलेत, २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, त्यात ८ कोटींच्या वर मोजमापं आहेत आणि ती कुणालाही बघता येतात. हां, एक गोष्ट आहे. विमान सरळ रेषेत उडतं, दोन रेषांच्या मधलं अंदाजाने भरावं लागतं, आमच्याकडेही दोन पॉईंटच्या मधे तेच करतो, म्हणूनच अजून नवनवीन दऱ्या सापडतायत.

आता पाणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण पाणी हा माझा विषय आहे आणि उणे ५०-६० डिग्रीच्या जागेवर, ४ किलोमीटर बर्फाखाली, पातळ वाहतं पाणी आहे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दोन दिवस दुसरा विचार करू शकलो नव्हतो.

भाच्याला उदाहरण दिलं बर्फाच्या लादीचं. उन्हाळ्यात गोळेवाल्याकडे बघा, लादीवर भुसा घातलेला असतो, वर गोणपाट, त्याला माहिती असतं की पांघरूण घातलं की बाहेरची उष्णता आत पोचत नाही. अंटार्क्टिकात उलटं आहे. तिथे बर्फ स्वतःच गोधडी आहे, आणि झाकलेली आहे जमीन. पृथ्वीच्या पोटातून उष्णता सारखी वर येत असते, खाणीत काम केलेल्या कुणालाही विचारा, साधारण एक किलोमीटर खाली गेलं की २५-३० डिग्रीने गरम होतं. ती उष्णता बर्फाच्या तळाशी येते आणि वर जायला तिला ४ किलोमीटरची गोधडी ओलांडावी लागते, त्यामुळे ती तळाशीच साचते. त्यात दाब. एवढ्या बर्फाचं वजन म्हणजे आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट, आणि दाबाखाली बर्फ शून्याला नाही तर सुमारे उणे ३ डिग्रीलाच वितळतो. दोन्ही गोष्टी जुळल्या की तळ ओला होतो, ते पाणी उताराने खोलगट जागी जमतं आणि तळं बनतं. अशी ४०० हून जास्त तळी आत्तापर्यंत सापडली आहेत. काही तळी तर भरतात आणि रिकामी होतात, आणि त्यांच्यावरचा बर्फाचा पृष्ठभाग काही मीटर वर-खाली होतो, ते सॅटेलाईटवरून मोजलंय.

यातलं सगळ्यात मोठं व्होस्टोक. रशियाचं त्याच नावाचं स्टेशन बरोबर त्याच्या डोक्यावर आहे, जिथे २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ डिग्री मोजलं गेलं, जमिनीवरच्या कुठल्याही स्टेशनवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान. लोकं तिथे वर्षानुवर्षं राहत होते, काम करत होते, आणि पायाखाली समुद्रासारखं पाणी आहे हे त्यांना माहितीच नव्हतं. १९६० च्या आसपास आंद्रेई कापित्सा नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तिथे हादरे सोडून मोजणी केली होती, पुढे ब्रिटिशांच्या रडारला तळाशी एकदम सपाट, चकचकीत रेघ दिसली, दगड कधी इतका सपाट नसतो. मग सॅटेलाईटने वरचा बर्फही तेवढ्याच पट्ट्यात सपाट असल्याचं दाखवलं, आणि हे सगळे धागे जोडून १९९६ मध्ये पक्कं झालं. लांबी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे इंदूरहून निघालात तर भोपाळ ओलांडून विदिशा येईल. क्षेत्रफळ साधारण १२,५०० चौरस किलोमीटर, आपल्या इंदूर जिल्ह्यासारखे तीन जिल्हे त्यात बुडतील.

तिथे बोअर कसा मारला हे ऐका. आमच्याकडे ६०० फूट गेलं की शेतकरी मोजत बसतो, पाणी कधी लागणार, फुटाचा रेट काय. तिथे ३,७६९ मीटर, म्हणजे १२ हजार फुटांच्या वर. आणि दगडात पाडलेलं भोक निदान तसंच राहतं, वरच्या मातीपुरतं केसिंग टाकलं की काम झालं, पण बर्फ दाबाखाली हळूहळू वाहतो, भोक आपोआप मिटत जातं. म्हणून रशियन लोकांनी ते रॉकेलने भरून ठेवलं. पण त्यातून प्रश्न उभा राहिला, कोट्यवधी वर्षं जगापासून तुटलेल्या पाण्यात रॉकेल गेलं तर? १९९८ ला ते तळ्याच्या साधारण १२० मीटर वर थांबले. कितीतरी वर्षं थांबले. मग अशी युक्ती केली की भोकातला दाब तळ्याच्या दाबापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे रॉकेल खाली जायच्या ऐवजी तळ्याचं पाणी वर चढेल. ५ फेब्रुवारी २०१२ ला ड्रिल पाण्याला लागलं आणि तसंच झालं, पाणी उसळून भोकात वर आलं आणि गोठलं. बोअरला पाणी लागलं की मोटर टाकायच्या आधी जो फवारा येतो आणि सगळं घर, शेजारपाजार धावत येतं, लहान मुलं भिजतात, ते मी शेकडो वेळा बघितलंय. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनात अजून येतो. पण नमुन्यात रॉकेल मिसळलं गेलंच, त्यामुळे व्होस्टोकच्या पाण्यात जीव आहे का, याचा निकाल त्यातून लागू शकला नाही.

तो लागला दुसरीकडे. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन टीमने व्हिलन्स नावाच्या तळ्यापर्यंत ८०० मीटर भोक पाडलं, रॉकेल न वापरता, गरम पाण्याने, आणि ते पाणीसुद्धा गाळून, अल्ट्राव्हायोलेट लाईटखालून नेऊन. तळं जेमतेम २ मीटर खोल. त्या पाण्याच्या एका मिलीलीटरमध्ये, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरमधून वीस थेंब पाडाल तेवढ्यात, १ लाखाच्या वर जिवंत पेशी. सूर्यप्रकाश नाही, झाड नाही, पान नाही. ते जिवाणू जगतात दगडावर, म्हणजे बर्फाखाली रगडलेल्या दगडातून आणि तळाच्या जुन्या गाळातून जे लोह, गंधक, अमोनिया सुटतं त्याच्या रासायनिक ऊर्जेवर. जवळपास सहा वर्षांनी मर्सर नावाच्या तळ्यात १ किलोमीटरहून जास्त बर्फाखालच्या चिखलात छोट्या कवचधारी प्राण्यांचे आणि एका पाणअस्वलाचे, म्हणजे आठ पायांच्या एका सूक्ष्म जिवाचे, अवशेष मिळाले, मेलेले, हजारो वर्षांपूर्वी डोंगरातल्या कुठल्यातरी डबक्यात जगून इथवर वाहत आलेले असावेत असा अंदाज आहे. गुरू ग्रहाच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे असं मानतात, तिथे जीव असेल का हा प्रश्न आता कुणी हसण्यावारी नेत नाही, तो या पाण्यामुळे.

अंटार्क्टिकातल्या टेलर ग्लेशियरच्या, म्हणजे हिमनदीच्या, तोंडातून लाल पाणी गळतं त्याचेही व्हिडिओ येतात, "रक्ताचा धबधबा" म्हणून. १९११ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ग्रिफिथ टेलरने ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शेवाळामुळे लाल असेल असं वाटलं होतं. खरं कारण लोखंड. आतलं अतिशय खारट पाणी लाखो वर्षं हवेशिवाय कोंडलेलं आहे, त्यातलं लोखंड बाहेर हवा लागली की गंजतं, हापशाचं पाणी बादलीत ठेवलं की लाल होतं ना, तेच.

डोंगर तर सांगायचेच राहिले. १९५८ मध्ये रशियन मोहीम अंटार्क्टिकाच्या मधल्या भागातून चालली होती, वर सगळं सपाट, पांढरं, आणि खालून येणारे प्रतिध्वनी मात्र वर-खाली उड्या मारतायत. निघाली आख्खी पर्वतरांग, गाम्बुर्तसेव, १,२०० किलोमीटर लांब, काही शिखरं ३ हजार मीटरच्या वर, युरोपच्या आल्प्सच्या तोडीची, आणि एकही टोक बर्फाबाहेर नाही. सातपुड्यापेक्षा उंच रांग कुणी डोळ्यांनी कधीच पाहिलेली नाही! पूर्व भागात डेनमन ग्लेशियरच्या खाली समुद्रसपाटीपासून ३,५०० मीटर खोल घळ आहे, ती २०१९ मध्ये नकाशावर आली. आणि २०२३ मध्ये त्याच पूर्व भागातल्या विल्क्स लँडमध्ये ३२ हजार चौरस किलोमीटरचा असा पट्टा दाखवला गेला जिथे नद्यांनी कोरलेल्या टेकड्या आणि खोरी निदान १ कोटी ४० लाख वर्षं जशीच्या तशी आहेत. म्हणजे बर्फ सगळीकडे रगडतोच असं नाही, काही ठिकाणी तो तळाशी इतका घट्ट गोठलेला असतो की जपूनही ठेवतो.

आता भाच्याच्या व्हिडिओकडे. तो पिरॅमिड खरा डोंगर आहे, एल्सवर्थ पर्वतरांगेतला, सव्वा किलोमीटरच्या आसपास उंच, २०१६ पासून त्याचा फोटो फिरतोय. चार बाजू कशा पडल्या? दगडाच्या भेगेत पाणी शिरतं, गोठतं, गोठताना फुगतं. फ्रीजरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरली की फुटते, तसं दगड फुटतो, सगळ्या बाजूंनी, लाखो वर्षं, आणि उरतो तो अणकुचीदार सुळका. स्वित्झर्लंडचा मॅटरहॉर्न असाच झालाय. मग तो १५१३ चा पिरी रईस या तुर्की आरमारी कप्तानाचा नकाशा, ज्यात म्हणे बर्फ नसलेला अंटार्क्टिका काढलाय. नकाशा खरा आहे, १९२९ मध्ये इस्तंबूलच्या राजवाड्यात सापडला, सुंदर आहे. पण मघाशी सांगितलेला आकडा आठवा, बर्फ ३ कोटी ४० लाख वर्षांचा, आणि आपली मनुष्यजात ३ लाख वर्षांची. बर्फाशिवाय तो किनारा बघायला माणूसच नव्हता. नकाशातली खालची रेघ म्हणजे बहुधा दक्षिण अमेरिकेचाच किनारा, नकाशा काढला त्या कातड्यावर जागा संपली म्हणून वळवलेला. १० हजार वर्षांच्या शहराचंही याच हिशोबाने उत्तर मिळतं.

हिटलरने अंटार्क्टिकात गुप्त तळ बांधला होता म्हणतात, ती गोष्ट अर्धी खरी आहे. १९३८-३९ मध्ये जर्मन जहाज खरंच गेलं होतं, विमानांतून फोटो काढले, हद्द दाखवायला खुणेचे बाण टाकले, आणि काही आठवड्यांत परत आलं. तळ बांधलाच नाही. आणि सगळी सरकारं लपवतायत म्हणाल तर १९५९ चा अंटार्क्टिक करार वाचा, त्यात निर्णयाचा हक्क असलेल्या प्रत्येक देशाला दुसऱ्याच्या स्टेशनवर जाऊन तपासणी करायचा हक्क आहे. अमेरिका आणि रशिया एकमेकांचं तोंड बघत नव्हते तेव्हा दोघांनी त्यावर सही केली. भारतही १९८३ पासून त्यात आहे.

हे ऐकून भाचा जरा हिरमुसला. म्हणाला, मग गुप्त काहीच नाही? आहे की! फक्त जागा चुकली, ग्रीनलँड. १९५९-६० मध्ये अमेरिकन लष्कराने तिथे बर्फाच्या आत कॅम्प सेंचुरी बांधला, बोगदे, झोपायच्या खोल्या, आणि वीज द्यायला चक्क छोटी अणुभट्टी. बाहेर सांगितलं की संशोधन चाललंय. आतला बेत होता हजारो किलोमीटरचे बोगदे करून त्यात ६०० क्षेपणास्त्रं लपवायची, आइसवर्म नावाचा. बर्फ वाहतो हे त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघालं, बोगदे आखडायला लागले, छत खाली यायला लागलं, १९६७ पर्यंत सगळं सोडून दिलं. आज ते तीसेक मीटर खाली गाडलेलं आहे आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये नासाच्या विमानातल्या रडारला ते वरून दिसलं, कागदपत्रांतल्या नकाशाप्रमाणे बोगद्यांच्या ओळींसकट. म्हणजे बघा, बर्फाखाली माणसाने काही बांधलेलं असलं की रडारला ते सापडतं.

आणि या कॅम्पची खरी दौलत वेगळीच. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये १,३८७ मीटर बर्फ पार करून तळाची माती वर काढली होती. ती माती काचेच्या बरण्यांत भरून फ्रीजरमध्ये गेली, एका देशातून दुसऱ्या देशात हलली आणि विसरली गेली. पन्नासेक वर्षांनी कोपनहेगनला फ्रीजर आवरताना बरण्या सापडल्या. मातीत काड्या, पानं, शेवाळ! २०२३ मध्ये वय निघालं, सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी त्या जागी बर्फ नव्हता, झाडोरा होता, आणि तेव्हा हवेतला कार्बन आजच्यापेक्षा बराच कमी होता. हे वाचून मला भीती वाटली होती, खरं सांगतो.

तशी बर्फाखाली आपलीही एक वास्तू आहे. भारताने १९८३-८४ मध्ये दक्षिण गंगोत्री नावाचं पहिलं स्टेशन उभारलं, ते बर्फावरच होतं, वरून बर्फ साचत गेला आणि १९९० पर्यंत ते सोडावं लागलं. त्यानंतरची मैत्री आणि भारती ही दोन्ही म्हणून दगडावर आहेत.

अशा व्हिडिओंतल्या गोष्टींनाही थिअरी म्हणतात, म्हणून आता त्या शब्दाबद्दल. माळव्यात पाणी बघायला हातावर नारळ ठेवून शेतात फिरणारी माणसं आहेत, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. मी त्यांच्यावर कधी हसलो नाही. "डग डग रोटी, पग पग नीर" अशी ज्या मुलखाची ओळख होती तिथे विहीर आटलेला माणूस जे हाताशी येईल ते धरतो. पण नारळवाल्याला विचारा की किती फुटावर, आणि नाही लागलं तर तुझी पद्धत चुकली असं मानशील का, तर उत्तर येत नाही. बर्फाखालच्या खऱ्या थिअरीत हे उत्तर आधीच द्यावं लागतं. २०१८ मध्ये ग्रीनलँडला हायावाथा ग्लेशियरखाली ३१ किलोमीटर रुंदीचं उल्कापाताचं विवर सापडलं. खूप गाजलं, कारण ते साधारण १३ हजार वर्षांपूर्वीचं असू शकेल आणि त्याच सुमाराला पृथ्वी अचानक थंड झाली ती याच धक्क्याने, असा तर्क होता. अगदी व्हिडिओ बनवण्यासारखा. मग त्याच टीममधल्या लोकांनी तिथून वाहून आलेल्या वाळूचं आणि दगडाचं वय काढलं आणि २०२२ मध्ये स्वतःच छापलं, ५ कोटी ८० लाख वर्षं. तर्क संपला. विल्क्स लँडच्या बर्फाखाली गुरुत्वाकर्षणात एक विचित्र फरक दिसतो, २००६ मध्ये राल्फ फॉन फ्रेझे यांनी म्हटलं की तिथे प्रचंड उल्का पडली असावी आणि २५ कोटी वर्षांपूर्वी बहुतेक जीवसृष्टी नष्ट झाली ती त्यामुळे. दगडाचा तुकडा अजून हातात आलेला नाही, म्हणून तो विषय तसाच लोंबकळतोय. मला स्वतःला तो पटत नाही, गुरुत्वाकर्षणाचा आकडा एकटा कितीतरी कारणांनी फिरतो, मी माझ्या छोट्या कामातसुद्धा एकाच आकड्यावर बोअरची जागा देत नाही.

एवढा खर्च कशाला करतात, असं आमच्या काकू मधेच म्हणाल्या. काकू, पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स म्हणून एक ग्लेशियर आहे, ब्रिटनएवढं. त्याच्याखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आतल्या बाजूला अजून उतरत जाते, थाळी आत कलती ठेवावी तशी. समुद्राचं कोमट पाणी खालून शिरलं की बर्फ मागे सरतो, मागे सरला की अजून खोल, अजून जाड काठ पाण्याला भिडतो. ते सगळं गेलं तर जगभर समुद्र साधारण ६५ सेंटीमीटर चढेल. काकूंचे दोन्ही मुलगे मुंबईला, एक वर्सोव्याला. खालच्या जमिनीचा उतार नीट कळल्याशिवाय हे किती लवकर होईल ते सांगता येत नाही, म्हणून ती विमानं उडतात.

शेवटी मी उठून टेबलावरचा दगड आणला. परासियाच्या बाजूला, छिंदवाड्याकडे, एका कामाला गेलो होतो तेव्हा कोळशाच्या खाणीपाशी पडलेला मिळाला होता. शेल नावाच्या राखाडी, पापुद्र्यांच्या दगडाचा तुकडा, आणि त्यावर एक पान उमटलेलं, जिभेच्या आकाराचं, मधली शीर ठसठशीत, तिच्यातून बारीक शिरांची जाळी कडेपर्यंत गेलेली. ग्लोसोप्टेरिस. जिभेवरूनच नाव पडलंय. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी याच झाडांच्या दलदली गाडल्या जाऊन आपल्या मध्य प्रदेशातला कोळसा झाला, आणि या खडकांना नाव दिलं गेलं आपल्या गोंडांच्या मुलखावरून, गोंडवाना. पुढे तेच नाव त्या सगळ्या जुन्या जोडखंडाला मिळालं ज्यात भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते. आपला ओडिशा-आंध्रचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला लागून होता, महानदीचं कोळशाचं खोरं तिकडे बर्फाखाली लँबर्ट ग्लेशियरच्या खोऱ्यात पुढे चालू राहतं असं भूगर्भवाले सांगतात, आणि आपलं भारती स्टेशन त्याच बाजूला आहे. जंगल तर तिथे नंतरही होतं. २०१७ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाच्या समुद्रतळातून ९ कोटी वर्षांपूर्वीची माती निघाली, मुळांच्या जाळ्यासकट, दक्षिण ध्रुवापासून फक्त ९०० किलोमीटरवर तेव्हा पावसाळी अरण्य होतं.

मग त्याला स्कॉट या इंग्रज संशोधकाबद्दल सांगितलं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परत येताना स्कॉट आणि त्याचे साथीदार उपाशी, हातपाय गोठलेले, घसरगाडी स्वतः ओढत होते, आणि पुढच्या अन्नाच्या साठ्यापासून १८ किलोमीटरवर तंबूत मेले. आठ महिन्यांनी शोधायला गेलेल्यांना त्यांच्या गाडीवर १६ किलो दगड मिळाले. वाटेत बिअर्डमोर ग्लेशियरपाशी उघड्या खडकातून गोळा केलेले, आणि शेवटपर्यंत टाकून न दिलेले. त्यांत हेच पान होतं.

भाचा दगड घेऊन खिडकीशी गेला, उजेडात धरून मधल्या शिरेवरून नख फिरवत बसला. मग स्वयंपाकघरातून आईचा काटा आणला, दगड त्यावर ठेवला. ६४० ग्रॅम. मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाला, "मामा, असे पंचवीस. आणि ते हाताने ओढत होते?"